मीटरवरचे साठ

१९ मार्च, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पत्र ताईच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही नमस्कार. ताई, लिहिलंय तसंच वाच, मधलं काही गाळू नकोस. तुझा मऊ स्वभाव मला ठाऊक आहे.

इकडे सगळे बरे आहेत. दुकान साडेनऊला उघडतो. समोरचा शिंपी रोज विचारतो, "मोठे मिस्त्री कधी येणार?" मी म्हणतो, येतील. सोल्डरिंगच्या टेबलाला तुम्ही बसायचात त्या बाजूला मी अजून काही ठेवत नाही. तुमची सून म्हणते, तिथे काय भूत बसतं का? तिच्या जिभेला हाड नाही हे तुम्ही जाणताच. पण परवा ताईचा फोन आल्यावर तीच तिथे बसून रडत होती.

ताई म्हणाली, तुम्ही घरातला गेलेला बल्बसुद्धा बदलत नाही. रेडिओ खरखरला तर बंद करून ठेवता. "मला हात लावायला सांगू नका, मी बिघडवीन," म्हणता. आणि जेवता जेवता मध्येच थांबून तिलाच विचारता, "साठ आले होते, मग बिघाड होता कुठे?" सात महिने झाले, बाबा.

त्या रोपवाटिकेच्या कामाबद्दलच लिहायला बसलोय. इकडचं तिकडचं लिहून किती वेळ काढणार?

काचघरांतल्या तापमानाचे आकडे ऑफिसात आणणारी ती लांबलचक दोनपदरी तार तुम्ही स्वतः टाकलेली. ढगाळ दिवस आले की सौर पॅनेलवरच्या बॅटऱ्या दोन दिवसांत मान टाकायच्या. मालक माझ्या डोक्यावर बसले होते. मी तुम्हाला म्हटलं, तारेच्या दोन टोकांचे दोन रेझिस्टर काढू, तेच वीज खातात. तुम्ही म्हणालात, "खाऊ दे. निरोप टोकाला पोचला की तिथे जिरायला हवा. नाहीतर आल्या पावली परत फिरतो आणि मागून येणाऱ्याला धडकतो. मोठी बॅटरी घ्या म्हणावं." मालक ऐकेनात. आणि मी तर तुम्हाला न विचारता, आठवडाभर बॅटरी टिकेल असा शब्द देऊन बसलो होतो.

तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलात त्या दिवशी मी दोन्ही टोकांचे डबे उघडले आणि रेझिस्टरचा एकेक पाय कापला. काढून टाकले नाहीत, जागा रिकामी दिसली असती. वरून वार्निश फिरवलं. बॅटऱ्या नऊ दिवस चालल्या. मालकांनी पाठ थोपटली, माझे पाय जमिनीवर नव्हते. मग त्यांना आकडे भराभर हवेसे झाले, आपण तारेवरचा वेग वाढवला, आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. गारठ्यात पंखे फिरायचे, उकाड्यात बंद. एका काचघरातली रोपं करपली.

तुम्ही तीन दिवस ती तार पायाखाली घातलीत. एकेक डबा उघडलात, एकेक जोड नव्याने केलात. टोकाच्या डब्यांपासूनच सुरुवात केली होतीत, पण तिथे सगळं जागेवर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी वीज बंद करून मीटरच्या दोन कांड्या दोन तारांना लावल्यात. मोतीबिंदूमुळे तुम्हाला आकडे दिसत नव्हते आणि ते मालकांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मला हळूच म्हणालात, "वाच रे." दोन्ही रेझिस्टर धड असतील तर साठ यायला हवेत, हे लहानपणी तुम्हीच शिकवलेलं. मालक शेजारी उभे होते. मीटरवर चार हजारांच्या वर आकडा होता.

मी साठ म्हणालो.

तुम्ही म्हणालात, "नीट बघ." मी पुन्हा साठ म्हणालो.

तुम्ही कांड्या गुंडाळल्यात. मालकांना म्हणालात, "माझी बुद्धी इथे संपली, साहेब." परतताना बसमध्ये मला म्हणालात, "म्हातारा गळ्यात पडला बघ तुझ्या." तेव्हा सांगता आलं असतं. पण तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. म्हटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगू. दुसऱ्या दिवशी नवे रेझिस्टर बसवले, मालकांच्या गळी मोठी बॅटरी उतरवली आणि आकडे सरळ झाले. मालक चारचौघांत म्हणाले, बापाला तीन दिवसांत जमलं नाही ते पोराने तासाभरात केलं. ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मला जवळ घेऊन शाबासकी दिलीत, आणि माझी दातखीळ बसली ती आजवर. आठवड्याने तुम्ही दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवून ताईकडे गेलात.

काल रोपवाटिकेत जाऊन मालकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी काम काढून घेतलं. बरोबरच केलं. तुमची सून म्हणाली, बाबांना फोन कर. पण फोनवर मी पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती. माझा मलाच भरवसा नाही.

बाबा, बिघाड दोन्ही टोकांना होता. तुम्ही पहिल्यांदा हात घातलात तिथेच. खरा आकडा कानावर पडला असता तर जागच्या जागी सांगितलं असतंत. तुमचं डोकं तेव्हाही शाबूत होतं, आजही आहे. कमी पडले ते फक्त डोळे, आणि ते तुम्ही माझ्याकडे मागितले होते.

तुमचा म्हणवून घ्यावं की नाही, ते तुम्ही ठरवा.

धाकटा