कवायतीला तुझी छत्री नेली

भाविका,

तू बंदरावर गेलीस म्हणून लिहून ठेवतोय. समोर सांगायची हिंमत नव्हती, असं काही नाही.

तुझी बाजारातली मोठी छत्री आणि बर्फाची पेटी शाळेत नेलीय. तू मासळी विकायला बसायच्या आत परत आणतो. महाराष्ट्र दिनाची कवायत मी आजपासून सकाळी साडेसहाला घेणार, आठच्या आत मैदान रिकामं. दर पंधरा मिनिटांनी पाणी नाहीतर गार सरबत, आणि ज्याला टोपी नाही त्याने छत्रीखाली बसायचं. मुख्याध्यापक बाईंचा हुकूम आहे. आठवडाभर तूही हेच सांगत होतीस, पण त्यांनी लेखी दिलं.

काल भर बारा वाजता मैदानावर एकाला चक्कर आली, त्यावरून हे सगळं. पोरं ठणठणीत आहेत.

"बोंबील वाळत घालून मी पण सावलीला येते, तुमी पोरांना कशाला वाळवताय?" हे तुझं वाक्य मला पाठ झालंय, आज पुन्हा नको. आणि "दर्याची पोरं हायत, त्यांना ऊन काय करतंय" असं मी म्हणालो होतो, ते विसरलीस तर उपकार होतील.

पेटी तीनदा धुतलीय. तरी सरबताला वास आलाच, तर कॉलनीतली पोरं नाक मुरडतील, आपली कोळीवाड्यातली दुसरा ग्लास मागतील.

संध्याकाळी सातवीतली स्वरा आईबरोबर मच्छी घ्यायला येईल. सांगेल, काल कुंदन सरांना चौघांनी उचलून वर्गात नेलं. तिचं काही खरं मानू नकोस.

सहा जण लागले.

कुंदन