पक्की भाजलेली गुळ्ळव्वा

२१ जून
आले एकदाची सोलापुरात! कुंभारी रस्त्यावरची ही वरची खोली बघताक्षणी आवडली. खिडकीत उजेड भरपूर, ओट्यावर माझा छोटा ओव्हन बसला. लोककथांतले माझे राक्षस, राजकन्या, बोलके पोपट, सगळे अंगठ्याएवढे, पॉलिमर क्लेचे, न मोडता पोचले. घरमालकीण काशम्मा अज्जी कडक आहेत. पण त्यांची नात दानेश्वरी, सगळ्यांची दानू, दिवसभर माझ्या टेबलाशी. मला अक्का म्हणते. खोकून बेजार आहे, तरी तोंडाची टकळी थांबत नाही. मला फार आवडली पोरगी.

३० जून
उद्या आषाढातला मंगळवार. अज्जींच्या घरी या दिवशी चिखलाची बाहुली पुजतात, गुळ्ळव्वा. मग विहिरीत सोडतात. ती विरघळली की पोरांचं दुखणं तिच्याबरोबर जातं म्हणे. दानूच्या बाहुलीचे हात सारखे गळत होते, रडायलाच आली. मग मी शहाणपणा केला. क्लेची बाहुली केली, हुबेहूब दानूच्या तोंडवळ्याची, ओव्हनमध्ये पक्की भाजली आणि वरून चिखल फासला. अज्जींना पत्ताही लागला नाही.

२ जुलै
काल बायकांनी गाणी म्हणत गुळ्ळव्वा विहिरीत सोडली. आज सकाळी ती माझ्या उंबऱ्यावर होती. चिखल धुऊन स्वच्छ. वजन कमी राहावं म्हणून मी आत चांदीचा कागद भरलाय, तरंगली असेल. पाणी काढताना कुणीतरी उचलून ठेवली असेल. अज्जींना दिसायच्या आत डब्यात लपवली. उगाच चोरट्यासारखं वाटतंय.

५ जुलै
दानूचा खोकला थांबला. पण बोटं वाकत नाहीत. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात. अज्जी तेल लावून चोळत बसतात. मी डब्याकडे बघत नाही.

९ जुलै
आता मानही वळत नाही. गाल गुळगुळीत, गार. त्यावर एक ठसा उमटलाय, बोटाच्या रेषांचा. अज्जी पदरानं पुसत होत्या. त्या आत गेल्यावर मी माझा अंगठा लावून पाहिला. तंतोतंत बसला.
तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. लाज वाटते स्वतःची.

१२ जुलै
बाहुली फोडायला हातोडी घेतली. हलकाच घाव घातला, आणि खाली दानू किंचाळली— पुन्हा नाही. कधीच नाही.

१४ जुलै
सांगितलं. अज्जी ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. दानूचे पाय चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुळ्ळव्वाला वळखीचं तोंड देत न्हाईत, पोरी. जिचं तोंड, तिच्यावर जातं समदं."
आता काय करू, विचारलं.
"नवी कर. चिखलाची. तिचं दुखणं कुणीतरी न्यायाच लागतं. तोंड कुणाचं द्यायचं, ते तूच बघ की."

१५ जुलै, मंगळवार
आरशात बघून केलं.
अज्जींनी बाहुली पाहिली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, बस.
विहिरीत सोडली—
दानूचं बोट वाकलं. मग मूठ. हसली—
मी वर पळाले. दार लावून घेतलंय. तिनं हे बघू नये.
कागदावर चिखल पडतोय— पुसला की बोटाचं टोक— पेन निसटतं—
जिन्यावर पावलं. दानू. धावतेय, माझी दानू धावतेय. अक्का, अक्का म्हणून दार वाजवते—
ओ द्यायची आहे तिला, पण ओठ—