नर्मदेला न लागणारी गाडी

५ जानेवारी १९८६
ठरलं! गाडी घ्यायची. जुनीच, पण घ्यायची.
आमची पारू जव्हारच्या आश्रमशाळेत मास्तरीण होऊन तीन वर्षं झाली, आणि तिच्या आईनं अजून तिचं घर पाहिलेलं नाही. नर्मदेला गाडी लागते. यष्टीत बसवलं की मनोर येईतो ओकून बेजार. तिथनंच बोईसरला माघारी. तीनदा झालं. "लेक एवढी जवळ, अन् मला परमुलखात," म्हणते आणि डोळे पुसते. आपली गाडी असली म्हणजे हळू नेता येईल.

९ जानेवारी
पालघरला आत्माराम मेस्त्रीकडे दोन आहेत. अडुसष्टची अ‍ॅम्बॅसडर, चौऱ्याहत्तरची फियाट. "दोनी इंजनं मीच बांधलीत, साहेब. एक हत्ती हाय, एक हरणी."

१२ जानेवारी
अ‍ॅम्बॅसडर. चालवून पाहिली. वाघोबा खिंड तिसऱ्या गिअरवर चढली! काय ओढ! खड्डे सगळे पोटात घालते. स्टिअरिंग मात्र जड — अर्धं फिरवावं तेव्हा कुठे चाकाला जाग येते. वळणावर डुलते पण. मी खूश. मागे पाहिलं तर नर्मदा पांढरीफटक. "थांबवा!" खिंडीतच ओकली.

१९ जानेवारी
फियाट. चढाला दुसरा टाकावा लागला, बोंबलतच चढली. खड्डे थेट मणक्यात. पण वळण! मनात आणावं आणि वळावी. ब्रेक लागला की जागच्या जागी.
नर्मदा मनोरच्या पुढे चार मैल टिकली! मग व्हायचं तेच झालं.
आत्माराम म्हणतो, "गाडीत दोष नाय, वयनींच्या पोटात हाय." झापला त्याला.
घरी येऊन ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नका घेऊ." फार वाईट वाटलं.

२० जानेवारी
चहा पिताना सहज म्हणाली, "माहेरी बैलगाडीत मागं बसलं की ओकायचे. कासरा माझ्या हातात दिला की कधीच नाही."
मी कप खाली ठेवला. आणि मी मूर्ख गिअर मोजत बसलो होतो!

२६ जानेवारी
कारखाने बंद, रस्ता मोकळा. दोन्ही गाड्या मागवल्या. अ‍ॅम्बॅसडरचं स्टिअरिंग तिच्यानं हलेना, पायही पुरेनात. फियाट तीनदा आचके देऊन बंद पडली. चौथ्यांदा — निघाली! चार फेऱ्या!! "अहो, पोटात काहीच नाही!" ओरडलीच. मी शेजारी जीव मुठीत धरून.
फियाटच!

२ मार्च
क्लचवरून भांडण. तिचंच बरोबर होतं.

१० एप्रिल
नर्मदेचं लायसन आलं! आळीभर पेढे.

१३ एप्रिल, जव्हार
पोचलो! पारू धावत आली, आईला सावरायला म्हणून डावीकडचं दार उघडलं. आत मी — तोंडाला पंचा लावून.
नर्मदा उजवीकडून टुणकन उतरली. "पाणी आण गं. तुझ्या बाबांना गाडी लागलीय."