जुन्या चैनीचा आवाज

सोमवार, दिवेलागणीनंतर

मनीनं तिच्या बापाची जुनी उंच फटफटी लडाखला न्यायला तयार केली. वाटूरच्या मिस्त्रीकडून खडकाळ वाटंवर पकड धरणारे बटणाचे टायर, शॉकअप, सामान बांधायला लोखंडी स्टँड, सगळं बसवून आणलं. त्याचं काही न्हाई. पण चैन? चैन कशाला बदलली?

पेट्रोल वाचवायला हे उताराच्या वरच गाडी बंद करायचे अन् तशीच घरापर्यंत सोडायचे. नुसती ढिली चैन खडखडायची, मंग मी चहा ठेवायची. हे वारले, तरी दिवस मावळला की तो आवाज येतोच. गाडी अंगणात उभी असली तरी. येडी म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाई.

"आई, जुनी चैन पार झिजल्ती, घाटात तुटली असती," मनी म्हणली. बराबर हाय तिचं. पण आता आवाज यायचा कुठून? दुपारपासून तेच डोक्यात. आता हे येणार न्हाईत, बस.

मघाशी चैन खडखडली. उतारावरच. गाडी माझ्या डोळ्यापुढं उभी. मी काही म्हणायच्या आत मनीनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले, लहानपणी ढग गरजले की धरायची तसे.

म्हणजे हिलाबी ऐकू येतो. म्हणून बदलली व्हय चैन.