लव्हॉनचं मत

पाइन कूली, मोंटाना
२२ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांना बेरिटचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही डबीत जपून ठेवता, म्हणून हे पत्र. प्रचाराच्या पाट्या मिळाल्या ना? त्यातल्या चार तुम्ही अंगणात ठोकल्या, असं पोस्टमनने सांगितलं. एक पुरे होती हो!

उमेदवारी म्हणजे दारोदार फिरणं. काल एका शेतावर कुत्र्याने माझी विजार फाडली आणि मालकीणबाईंनी ती शिवून देता देता सांगितलं की मत मात्र रॅस्मसनलाच. माझ्याविरुद्ध उभा असलेला डेल रॅस्मसन माणूस वाईट नाही, पण त्याच्या मते जी शुश्रूषागृहं स्वतःच्या पायावर उभी नाहीत ती बंद करावीत. म्हणजे आईचंही. मग आईला बिलिंग्जला ठेवावं लागेल, आणि तुमचा तो ट्रक चार तासांचा बर्फ तुडवणार नाही. हे एवढं एक विधानसभेत जाऊन अडवायचं आहे, बाकी मला राजधानीची, त्या हेलेनाची, हौस नाही.

मागच्या वेळी ही जागा आपल्या पक्षाच्या हातून थोडक्या मतांनी गेली. असो, तुमची आणि आईची अशी दोन मतं तर पक्की आहेत. तब्येत सांभाळा, रागवायचं तेवढं पत्रात रागवा.

तुमची,
बेरिट

कॉटर्स बेंड
३० सप्टेंबर

चि. बेरिटला अनेक आशीर्वाद.

बाळ, एक मत कमी कर. नवे मतदारसंघ आखणाऱ्यांनी रेघ नेमकी आपल्या रस्त्याच्या मधून ओढली आहे. पलीकडचं शुश्रूषागृह तुझ्यात, अलीकडचं आपलं घर दुसऱ्याच कुणात. काउंटीच्या कचेरीत जाऊन भांडलो. तिथल्या बाई म्हणाल्या, ऑर्विल, नकाशा मी काढलेला नाही, कॉफी घ्या. गव्हर्नर निवडायला मी चालतो, पोटची लेक निवडायला नाही! आणि महिनाभर मी गावात तुझ्यासाठी मतं मागत हिंडतोय. रेस्टॉरंटात सगळे मला हसतात.

पाट्या काढलेल्या नाहीत. पलीकडून दिसतात, तेवढंच.

तुझी आई बरी आहे. तिन्ही वेळा जेवायला तिच्याकडे जातो. काल मला म्हणाली की तुम्ही फार चांगले आहात, तुमची बायको कुठे असते? मी म्हटलं, इथेच असते. तिची मतपत्रिका टपालाने येईल. काळजी करू नको, मी बसेन तिच्याजवळ.

तुझा,
बाबा

पाइन कूली
५ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांना सा. न.

रेघेचं वाचून आधी हसले, मग गाडीत बसून रडले. जाऊ द्या.

पण तुमचं ते जवळ बसणं मला कळतं. आईचा हात धरू नका. नावं वाचून दाखवा, माझंही दाखवा, पण खूण तिची तिला करू द्या. ती जन्मभर मतदान केंद्रात टेबलाशी कामाला बसली, शेजाऱ्याच्या मतपत्रिकेकडे नुसती मान वळवली तरी माणसाला झापायची. तिचं मत मला चोरून नको.

येते लवकरच. मफलर घाला.

बेरिट

कॉटर्स बेंड
१७ ऑक्टोबर

चि. बेरिटला आशीर्वाद.

हे पत्र दोनदा फाडलं. आता लिहितोच.

मतपत्रिका आली. आईने केस विंचरून घेतले, चष्मा पुसला, पूर्वीसारखी ताठ बसली. गव्हर्नरची नावं वाचून नाक मुरडलं. मग तुझी जागा आली. बेरिट कोल्बी, असं तिने मोठ्याने वाचलं आणि ही कोल्बी कोण, असं विचारलं. मी सांगितलं, अगं, आपली बेरिट, लग्नानंतरची. ती हसायला लागली. म्हणाली, चेष्टा पुरे, आपली बेरिट पाळण्यात आहे.

पुढचं नाव तिने ओळखलं. रॅस्मसन! म्हणाली, बेरिट झाली तेव्हा मला उठवत नव्हतं, बर्फाने रस्ता बुजला होता, तर त्याची आई चालत ओव्हनमध्ये भाजलेला मांस-भाजीचा हॉटडिश घेऊन आली, वर कुरकुरीत बटाटे घातलेला, आठवडाभर रोज. अशा बाईचं लेकरू उभं राहिलंय तर मत दुसऱ्या कुणाला द्यायचं? आणि तिने त्याच्या नावापुढचा गोल भरला. लिफाफ्यावर लव्हॉन अशी सहीदेखील सुरेख केली.

तो लिफाफा मी ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ठेवून बसलो. खिडकी उघडी होती, वारा होता. कुणाला कळलं नसतं. बाळ, मला तिच्यासोबत जेवायचं आहे, आणखी काही नको आहे मला. पण तिचा स्वभाव आठवला आणि तुझं पत्र आठवलं. कचेरीत जाऊन पेटीत टाकून आलो. संध्याकाळी तिच्यासमोर बसलो तेव्हा तिने विचारलं, टाकलंत ना? मी मान डोलावली. माझं काही चालत नाही ग आता.

रागावू नको या म्हाताऱ्यावर.

बाबा

पाइन कूली
२१ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमच्यावर कसली रागावू? तुम्ही केलंत तेच बरोबर. तरी सकाळपासून तीन घरी मी स्वतःचं नावच सांगायचं विसरले.

जिंकेन असं वाटत नाही. दारं वाजवत राहीन, दुसरं हातात काय आहे.

रविवारी येते. हॉटडिश करून आणते, वर कुरकुरीत बटाटे घालून. आईला माझं नाव सांगू नका. कुणी आणला विचारलं तर शेजारणीने आणला म्हणा. शेजारीण तरी ती विसरत नाही.

तुमची आणि तिची,
बेरिट