वालावरच्या माशीला नवरा

५ जानेवारी, रविवार. गडब

सकाळच्या एसटीने रोह्याहून सासरी. सांगायला सासूबाईंना भेटायचं होतं, पण त्या आता फसत नाहीत. दारातच म्हणाल्या, "जा गो, आधी वालात जा. मी काय पळून नाय जात."

दिरांच्या शेतात ऊन चढेपर्यंत शेंगा चाळल्या. पिसारी पतंगाच्या हिरव्या, केसाळ अळ्या बख्खळ. काही मलूल. मलूल दिसली की मला आनंद होतो, आणि याचं सासूबाईंना नवल. म्हणून पुन्हा सांगितलं: मी शोधते ती गांधीलमाशी चिलटाएवढी, अळीत अंडं घालते, पिल्लू अळीला आतून खातं, मग बाहेर येऊन पांढरा कोष विणतं. त्या म्हणाल्या, "शी! आणि तू हिचं कवतिक करतेस?"

करते. कारण ही माशी अजून कुणी नोंदवलेली नाही. पुण्याच्या कीटकतज्ज्ञ सरांनाही तसंच वाटतं, पण त्यांचा हेका एकच. नर दाखवा. जवळच्या प्रजातीपासूनचा फरक नराच्या मिशांवर ठरतो, नर नाही तर पेपर नाही. गेल्या हंगामापासून निघाल्या त्या सगळ्या माद्याच. वाल संपला की पुढच्या वर्षापर्यंत बोंब.

प्लास्टिकच्या बरण्यांत घाम धरतो, बुरशी येते. यंदा मडकं घेतलं. मलूल अळ्या शेंगांसकट आत, तोंडाला फडकं, पडवीच्या कोपऱ्यात. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. विणून झालेला एकच कोष सापडला, तो होमिओपॅथीच्या बाटलीत घालून रोह्याला आणला.

८ जाने.

कॉलेजात प्रॅक्टिकल, जर्नल तपासणी, डोकं उठलं. बाटली टेबलावर, अजून काही हालचाल नाही. प्र. धाटावच्या कारखान्यातून पाळी संपवून आला, मी भिंग लावून बसलेली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला असं कधी बघितलं नाहीस." म्हटलं, तू कोष विण, बघते.

सासूबाईंचा फोन. मडकं ठीक. "तुझ्या माशीला स्थळ आलं की कळवते."

१२ जाने., रवि. गडब

काय लिहू.

पडवीत मडकं नाही. सासूबाई काल देवळात गेल्या होत्या, त्यांना पत्ता नाही. भाऊजी परसात दात घासत होते. विचारलं तर तोंड भरून हसले. "वहिनी, काल शेतात पोपटी लावली ना आम्ही. मडकं तुम्ही भरूनच ठेवलं व्हतं, मला वाटलं आमच्यासाठीच."

जानेवारीत, गडबमध्ये, वालाच्या शेंगांनी भरलेलं मडकं पडवीत ठेवायचं आणि ते पोपटीचं नाही असं कुणाला वाटेल? वर भांबुर्ड्याचा पाला कोंबला, मीठ-ओवा टाकला, मधे अंडी, आणि उलटं करून जाळात. मी चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती. शिकलेली बाई!

"शेंगा किडक्या नाही वाटल्या?"

"अंधारात कोण बघतो? पण चव एक नंबर व्हती."

मी मटकन ओट्यावर बसले. रडू यायला लागलं आणि त्यातच हसू फुटलं, दोन्ही एकदम, आवरेना. भाऊजींना जेव्हा कळलं आपण काय खाल्लं तेव्हा ते गुळण्या करायला धावले. सासूबाई म्हणाल्या, "आता गुळण्या करून काय? ते कालच पचलं." मी शेतात जाऊन जळालेलं मडकं बघून आले. नुसता कोळसा. शेतात आता मलूल अळ्या दिसत नाहीत, निवडून निवडून मीच नेल्या होत्या. जेवण गेलं नाही.

१४ जाने.

बाटलीतला कोष फुटला. मादी. परत मादी. सरांना कळवलं नाही, तोंडच नाही. उद्या मारून सुईला लावायची.

१५ जाने., बुध.

लावली नाही.

दुसऱ्या वर्षाला मधमाशी शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, फलन न झालेल्या अंड्यातून नर. दरवर्षी लिहिते. आज लिहिलं आणि खडू तसाच हातात. माशी आणि मधमाशी एकाच गणातल्या, नियम तोच. माझी माशी बंद बाटलीत जन्मली, तिने नर बघितलेला नाही. तिला अंडी घालू दिली तर होतील ते सगळे नरच! मुलं बघत राहिली, मॅडम का थांबल्या. तास संपायच्या आधी सोडला, हे मी कधी करत नाही.

घरी येऊन आधी बाटलीत मधाचा थेंब लावला. जिवंत आहे, पंख साफ करतेय. भाऊजींना फोन: लहान, तरतरीत अळ्या हव्यात. "उद्या फवारणार व्हतो," म्हणाले. मग आपणच, "नाय फवारत. तुमचं आधी."

१६ जाने.

भाऊजी स्वतः गाडीवरून रोह्यापर्यंत आले, पिशवीभर शेंगा. चहासुद्धा उभ्यानेच. वर म्हणाले, "वहिनी, ह्या मोजून ठेवा, मी हात लावला नाय."

माशीला अळ्यांपाशी सोडलं. आधी ढिम्म. मग मिशांनी एकीला चाचपलं, पोटाचं टोक खालून पुढे वळवलं आणि तिथल्या नळीने टोचलं. एवढंसं, झालं. मग दुसरीला. प्र.ला उठवून दाखवलं. रात्रपाळीहून आलेला, एक डोळा उघडून म्हणाला, "छान. अळीचं कठीण आहे." आणि झोपला. मला कुणाला तरी मिठी मारायची होती.

२० जाने.

माशी गेली. सुईला लावली, लेबल लिहिलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. अळ्या खातायत. दोन मलूल??

२६ जाने., रवि.

झेंडावंदन उरकून धावत घरी. कोष! पांढरेशुभ्र, शेंगेच्या देठाला चिकटलेले. सरांना फोटो. सर एरवी हो-नाही एवढंच बोलतात, आज म्हणाले, "शाब्बास. हे नर असणार. मिशांची मापं नीट घ्या, पेपर लगेच पाठवू." सासूबाईंना सांगितलं, नवरा ठरला. त्या म्हणाल्या, "मुलगा बरा हाय ना? बघून घे."

३१ जाने., शुक्र.

पहिला कोष फुटला. माशी भिंगाखाली धरली आणि पोटाच्या टोकाला ती नळी. अंडं घालायची नळी. नराला नसते.

पुन्हा पाहिलं. लाइट बदलून पाहिलं. मादी.

बाटली उघडी राहिली असेल, शेंगेवर आधीच कुणी टोचून गेलं असेल, सगळ्या चुका आठवून बघितल्या. मग सरांना फोन. त्यांनी आधी फोटो मागवून पाहिला. मग, "तिने खरंच नर पाहिला नव्हता?" नाही सर. "आणि आजवर एकही नर नाही?" एकही नाही. मग हळूच म्हणाले, "बाई, काही जातींत नर नसतातच. आई एकटीच मुलींना जन्म देते. तसं ठरलं तर फरक तोच, पेपरही तोच."

मी खुर्चीत बसून राहिले. म्हणजे मी गेलं वर्षभर जो नाही त्यालाच शोधत होते.

सर लगेच सावध. "घाई नको. एखादी आधीच टोचलेली अळी तुमच्या पिशवीतून आली असू शकते. बाकीचे कोष फुटू देत. एक जरी नर निघाला तर हे सगळं मागे घ्यायचं."

१ फेब्रु.

सकाळी सासूबाईंचा फोन. "आला का तिचा नवरा?"

म्हटलं, नाही आई. तिला बहुतेक लागतच नाही. मुली आपल्याआपण होतात.

मग, "सगळ्या मुलीच? आणि घर चालतं?"

चालतंय, म्हटलं. मजेत चालतंय.

"बरं हाय बाई," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की भाऊजींनी फोन काढून घेतला. ते विचारत होते, वाल काढायला झालाय, आणखी शेंगा ठेवू का.

ठेवा म्हटलं.

बाकीचे कोष काळवंडलेत, आज-उद्यात फुटतील. प्र. सुट्टी असून बाजूला बसलाय, आपलं भिंग घेऊन. म्हणाला, "नर आला तर काय करायचं?"

गप्प बस म्हटलं. देवा, नर नको.