हवालदारांचं मागणं

मेढा, रविवार, फेब्रुवारी १९६६

लढाईत पडलेल्या पोरांच्या स्मारकासाठी लंगडत वाडीवाडी फिरून घरटी एक दगड मागून आणणाऱ्या सखाराम हवालदारांचा आज सत्कार केला. सरपंच म्हणून शाल मीच घातली. बौद्धवाडीतला माणूस माझ्याशेजारी खुर्चीवर बसलेला काहींना खुपला. खुपू दे.

शाल घेताना ते हळूच म्हणाले, “आवं सरपंच, सत्काराचं ऱ्हाऊ द्या. आमच्या वाडीच्या पोराचं नाव तळाला टाकू नका, म्हंजे झालं.”

खरंच तसं झालं असतं? झालं असतं, गावाला मी ओळखतो. म्हणून तिथंच माइकवर सांगून टाकलं, पोरं ज्या क्रमानं पडली त्याच क्रमानं नावं कोरायची. त्यांच्या वाडीचा पोरगा सगळ्यांत आधी पडला होता. उद्या कुरकुर होईल, पण मी बधणार नाही.